पाठीवरचे बिऱ्हाड

'विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर' ही म्हण मी एकतीस वर्षे शाळेत मुलांना शिकवली. 'अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा' हा प्रश्न किती वेळा घातला असेल, त्याची गणती नाही. पण त्या म्हणीत जाऊन राहण्याची पाळी आपल्यावर येईल, आणि तीही विलायतेत, हे स्वप्नातसुद्धा आले नव्हते.

गेल्या वर्षी मे महिन्याच्या आरंभी आम्ही उभयता इंग्लंडात मुलाकडे, लीड्सला गेलो. घरापाशी पोचलो, तो दारात एक अवाढव्य पांढरी गाडी उभी! पुढून टेम्पोसारखी, मागून बंगलीसारखी. चालकाच्या बैठकीवर एक छोटीशी माडी पुढे आलेली, आणि खिडक्यांना चक्क फुलाफुलांचे पडदे. मला वाटले, शेजारी कोणी सर्कसवाले राहतात की काय!

"आई, ही आपलीच," मुलगा म्हणाला. "मोटारहोम. सुट्टीत आपण हिच्यातून फिरायचं."

आमच्या ह्यांनी हातातली पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही. गाडीभोवती एक फेरी मारली, मागच्या कोपऱ्यावर बोटाने टिचकी वाजवली, कान देऊन ऐकले, आणि विचारले, "कोणत्या सालची?"

"दोन हजार तीनची, बाबा."

"हं," हे म्हणाले आणि घरात गेले.

ह्या 'हं'चा अर्थ कळायला वाचकांना थोडी माहिती हवी. ह्यांची चौतीस वर्षे पुण्याजवळच्या एका कारखान्यात बसगाड्यांच्या बॉड्या बांधण्यात गेली. पत्रा, रिव्हेट, काच, रबर आणि लांबी हेच त्यांचे जग. मुलाने इंजिनियर व्हावे आणि त्याच कारखान्याच्या फाटकातून आत यावे, अशी त्यांची फार इच्छा. मुलगा इंजिनियर झाला, पण संगणकाचा. आणि बारा वर्षांपूर्वी तो इंग्लंडला निघून गेला. त्यावरून घरात भांडण असे कधी झाले नाही. झाले असते तर बरे झाले असते. फोनवर बापलेकांचे बोलणे ठरलेले. "पाऊस आहे का?" "आहे." "बरं, आईला देतो."

लीड्सला ह्यांना काही कामच नव्हते. नळ गळत नव्हता, दाराची कडी सैल नव्हती. खिडकीत बसून रस्त्यावरच्या गाड्या मोजायच्या आणि संध्याकाळी नातवंडांकडून दूरदर्शन संच लावून घ्यायचा. दहाव्या दिवशी जेवताना हे मुलाला म्हणाले, "ऑक्टोबरचं तिकीट अलीकडचं करून मिळतं का, बघ." सूनबाईने माझ्याकडे पाहिले, मी ताटाकडे पाहिले.

मुलगा म्हणाला, "बघतो. पण एकदा गाडीतून तर जाऊन येऊ या. मेच्या अखेरच्या सोमवारी इथे सगळ्यांना सुट्टी असते."

अशी ठरली आमची पहिली सफर.

आता या चाकांवरच्या घराविषयी थोडे सांगते. आपल्याकडे बैलगाडीत भांडीकुंडी, शिधा आणि पोरेबाळे घालून जत्रेला जाण्याची रीत जुनीच. पण हौस म्हणून घर घेऊन हिंडण्याची चाल इंग्लंडात पाडली ती गॉर्डन स्टेबल्स नावाच्या आरमारातून निवृत्त झालेल्या एका डॉक्टराने. मुलांसाठी साहसकथा लिहिणारा हा गृहस्थ. १८८५ साली त्याने ब्रिस्टलच्या कारखान्यात 'वाँडरर' नावाची घोड्यांची गाडी खास बांधून घेतली आणि तीतून तो थेट स्कॉटलंडपर्यंत गेला. त्याच्याबरोबर गाडीवान होता, कुत्रा होता, पोपट होता. आणि वाटेतल्या लोकांना 'गाडी येत आहे' अशी वर्दी देण्यासाठी पुढे तीनचाकी सायकलवर एक नोकरही होता! पुढे १९०१ साली थॉमस होल्डिंग नावाच्या लंडनच्या एका शिंप्याने सायकलवर तंबू बांधून हिंडणाऱ्यांचे मंडळ काढले, आणि १९०७ साली कॅरव्हॅनवाल्यांचा क्लब निघाला. अमीर डॉक्टरची गाडी आणि शिंप्याचा तंबू, या दोहोंच्या मधे कुठेतरी आमचे बिऱ्हाड बसते. आपल्या महाराष्ट्र शासनानेही २०२१ साली कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले आहे. तेव्हा ही हौस आता आपल्या दारात आलीच म्हणायची.

"पण जुनी का घेतलीस?" मी मुलाला विचारले. तो हसला. नव्या गाडीची किंमत त्याने सांगितली, ती ऐकून मी गप्प बसले. पुण्याच्या उपनगरात तेवढ्यात एक फ्लॅट येईल! जुनी गाडी त्या मानाने स्वस्त. मात्र तिचे दुखणेखुपणे स्वतः काढावे लागते, कारण कारागिराचा तासाचा दर ऐकून माणूसच आजारी पडतो. "गॅस आणि ब्रेक, या दोन गोष्टींना मी हात लावत नाही," तो म्हणाला. "त्या जाणकाराकडूनच दर वर्षी तपासून घेतो. बाकी सगळं पुस्तकात बघून."

"पुस्तकात बघून," हे पुटपुटले. पुढे काही बोलले नाहीत.

निघण्याच्या आदल्या दिवशी मी सामान काढले. कुकर, पोळपाट-लाटणे, तवा, पाच किलो कणीक, डाळ-तांदूळ, चकलीचा डबा. सूनबाई वजनकाटा घेऊनच आली! मला वाटले, गंमत करते आहे. पण नाही. त्या देशात ज्यांनी मोटारीची परीक्षा १९९७ नंतर दिली, त्यांना साध्या परवान्यावर साडेतीन टनांपेक्षा जड अशी डिझेलची गाडी चालवता येत नाही. आमची गाडी मुळातच त्या मर्यादेच्या जवळ. त्यात सहा माणसे, म्हणजे माणसांचेच वजन झाले! म्हणून पाण्याची टाकी जवळजवळ रिकामी न्यायची आणि मुक्कामाला भरायची. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो, हा हिशेब मी चौथीच्या मुलांना शिकवला होता, पण तो माझ्या कणकेच्या मुळावर येईल असे वाटले नव्हते. शेवटी कणीक दोन किलोवर आली. चकलीचा डबा मी मांडीवर घेतला.

तेवढ्यात हे नातवाला घेऊन चाकांपाशी उकिडवे बसले होते. टायरच्या कडेला चार आकडे एका चौकटीत कोरलेले असतात. नातवाने वाचले, "दोन, तीन, एक, चार." हे म्हणाले, "म्हणजे दोन हजार चौदा सालचा तेविसावा आठवडा. नक्षी नवी दिसते, पण रबर म्हातारं झालंय. बाजूच्या भेगा बघ." अशा गाड्या वर्षातून महिनोन्महिने उभ्या असतात. टायर झिजत नाहीत, पण वयाने कडक होतात. मुलाने त्याच संध्याकाळी जाऊन दोन टायर बदलून आणले. पैसे गेले म्हणून तो थोडा हिरमुसला होता. पण बोलला मात्र काही नाही.

दुसऱ्या दिवशी स्किप्टनवरून केंडलचा रस्ता धरला. दोहो बाजूंना हिरव्या टेकड्या आणि त्यांवर चुन्याशिवाय नुसते दगडावर दगड रचून घातलेले बांध. आपल्या देशावरच्या ताली आठवल्या. केंडलला पुदिन्याची साखरवडी घेतली. १९५३ साली तेनसिंग आणि हिलरी यांच्या मोहिमेबरोबर हीच मिठाई एव्हरेस्टवर गेली होती, असे कळताच नातवाने आजोबांच्या हातावर दोन वड्या ठेवल्या. "आजोबा, चढ आहे, खा!" केझिकपर्यंत सुमारे शंभर मैल, आमच्या म्हाताऱ्या गाडीला चार तास लागले. मागे मोटारींची रांग लागली की मुलगा गाडी बाजूला घेऊन त्यांना वाट देई.

आमचा मुक्काम केझिकच्या पुढे, बॉरोडेल नावाच्या खोऱ्यात, एका शेतकऱ्याच्या कुरणात. भोवती डोंगर, मधे ओढा. या खोऱ्यातल्या डोंगरात सोळाव्या शतकात शिसपेन्सिलीचे शिसे सापडले आणि त्यातून इथला पेन्सिलींचा धंदा उभा राहिला. ज्या वस्तूने मी जन्मभर वह्या तपासल्या, तिचे हे माहेर! कुरणात हर्डविक जातीच्या मेंढ्या चरत होत्या. त्यांची कोकरे काळीकुट्ट जन्मतात आणि मोठी होता होता राखाडी होतात. नात म्हणाली, "आजी, आपलं उलटं असतं ना? आधी काळे केस, मग राखाडी." मी म्हटले, "उलटं कुठे? तेच तर झालं!"

मुक्कामाला पोचले की मंडळी लगेच चहा करीत बसतील, असे मला वाटले होते. छे! आधी गाडी सपाट करायची. चाकाखाली पिवळे प्लास्टिकचे उतरते ठोकळे घालून ती थोडी थोडी पुढे घ्यायची, आणि नातवाने आत लेव्हलचा बुडबुडा पाहून ओरडायचे, "अजून! अजून! बस्स!" हे कशाला, तर नीट झोप लागावी म्हणून, आणि शीतकपाटासाठीसुद्धा. या गाडीतले शीतकपाट गॅसवर चालते. ज्योत पेटवून थंडी निर्माण करायची, हा चमत्कार १९२२ साली स्टॉकहोमच्या दोन विद्यार्थ्यांनी शोधून काढला. आत पंप नाही, मोटर नाही. तापवलेला अमोनिया आपल्या वजनाने नळ्यांतून उतरतो आणि फिरत राहतो. गाडी कलती असली की तो वाटेतच अडतो, आणि दूध नासते.

मग विजेची तार जोडायची. ती कुरणातल्या खांबावरून मिळते, पण फक्त दहा अँपिअर. म्हणजे तेविसशे वॉट. मी आपली घरच्या सवयीने चहाची किटली लावली आणि सूनबाईने हीटर. खट्ट! सगळा अंधार. पलीकडच्या बिऱ्हाडातल्या आजीबाई खिडकीतून हात हलवून हसल्या. पहिल्या दिवशी हे सगळ्यांचेच होत असावे.

आतला संसार मात्र पाहण्यासारखा. दिवसाचे बाक रात्री पलंग होतात, टेबल खाली उतरून पलंगाचा मधला भाग होते, आणि चालकाच्या डोक्यावरची माडी ही नातवंडांची झोपायची जागा. प्रत्येक वस्तूला एकच जागा; ती तिथे नसली तर दुसरी वस्तू निघत नाही. मुंबईच्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसांचा संसार केलेल्या माझ्या आईला ही गाडी ऐसपैस वाटली असती. न्हाणीघरातल्या त्या डब्याविषयी दिवाळी अंकात अधिक लिहीत नाही. तो ठराविक जागी नेऊन रिकामा करण्याचे काम घरातल्या कर्त्या पुरुषाचे असते, आणि ते करताना कर्ता पुरुष फारसा कर्ता दिसत नाही, एवढेच सांगते.

रात्री साडेनऊपर्यंत उजेड होता. मग थंडी पडली. माझ्या बाकाखालून गार वाऱ्याची एक बारीक धार सारखी पायांवर येत होती. हात घालून पाहिले, तर जमिनीलाच जाळी लावलेले भोक! कारागिराचा निष्काळजीपणा, म्हणून मी माझी शाल त्यात गच्च कोंबली आणि समाधानाने झोपले.

सकाळी मुलाने ती शाल पाहिली आणि त्याचा चेहराच उतरला. "आई, हे कधीही करू नकोस," तो म्हणाला. आवाज इतका गंभीर, की मी घाबरले. आपला स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. कुठे गळला, तर तो जमिनीवर साचतो आणि ठिणगीची वाट बघतो. त्याला बाहेर पडायला वाट असावी, म्हणून ती भोके मुद्दाम ठेवलेली असतात. आणि वरच्या झरोक्यांनी ताजी हवा येत राहते, नाहीतर नीट न जळलेल्या ज्योतीचा विषारी वायू झोपेतच माणसाला नेतो. त्या वायूला ना वास, ना रंग. त्यासाठी भिंतीवर घंटेचे यंत्र लावले होते. रात्री त्याचा हिरवा दिवा पाहून मला ते देवापुढचे निरांजन वाटले होते! चाळीस वर्षे गॅस वापरून मला हे ठाऊक नव्हते. शाल काढली, ती मी पायांना गुंडाळली.

दुसऱ्या दिवशी पाऊस लागला. या खोऱ्यातले सीथवेट हे इंग्लंडातले सर्वांत ओले वस्तीचे ठिकाण. वर्षाला सुमारे १४० इंच. महाबळेश्वर पाहिलेल्या माणसाला त्याचे काय! पण महाबळेश्वरला आपण पत्र्याच्या डब्यात बसलेलो नसतो. छतावर ताशा वाजावा तसा आवाज. आम्ही पत्ते खेळत होतो. हे मात्र मागच्या कोपऱ्यात उभे राहून भिंतीवर हात फिरवीत होते. कागद चिकटवलेल्या त्या सुंदर भिंतीवर त्यांनी अंगठा दाबला, आणि अंगठा आत गेला. पिकलेल्या पपईत जावा तसा.

"ही भिंत मेली आहे," हे म्हणाले. टिचकीचा 'हं' आता मला उमगला.

पत्ते थांबले. मुलगा उठून आला. त्याने स्वतः दाबून पाहिले, पुन्हा दाबले. कोणीच काही बोलेना. छतावरचा आवाज तेवढा चालू होता.

घरी परतल्यावर त्याने गाडी एका कारखान्यात दाखवली. दोन सुया असलेले एक यंत्र भिंतीला लावून ते लोक ओल मोजतात. पंधरा टक्क्यांपर्यंत काळजी नाही. तिसाच्या पुढे गेली म्हणजे आतले लाकूड गेले. आमचा कोपरा चाळिसावर होता. दुरुस्तीचा आकडा अडीच हजार पौंड. मुलगा रात्री सूनबाईला म्हणाला, "विकून टाकू या. आहे तशी." नात जिन्यात बसून ऐकत होती. ती रडत वर गेली.

सकाळी मी उठले, तर हे नव्हते. खिडकीतून पाहिले. बाहीवर बाही दुमडून हे गाडीच्या कोपऱ्याशी शिडीवर उभे, आणि खाली नातू स्क्रू झेलायला वाटी घेऊन.

मुलगा बाहेर धावला. "बाबा, हे काय करताय?"

"विकायची असेल तर वीक. पण आधी बघू तर दे, किती गेलंय ते."

मग पुढले सहा शनिवार-रविवार आमच्या दारात कारखाना चालला. त्या गाडीची रचना ह्यांनी मला चहाच्या कपावर समजावून दिली. आत लाकडाचा सांगाडा, बाहेर अॅल्युमिनियमचा पत्रा, आतून पातळ प्लायवुड, मधे थर्मोकोल. दोन पत्रे जिथे भेटतात, त्या कोपऱ्यावर अॅल्युमिनियमची पट्टी स्क्रूंनी बसवलेली, आणि पट्टीखाली मऊ लांबी. ही लांबी दहा-पंधरा वर्षांत वाळते, तडकते. पाणी स्क्रूच्या वाटेने आत शिरते आणि बाहेर यायची वाट त्याला मिळत नाही. बाहेरून गाडी चकचकीत, आतून लाकडाचा भुसा. आमच्या गाडीच्या आधीच्या मालकाने पट्टीवरून सिलिकोन फासले होते. त्याने गळती दिसेनाशी झाली, थांबली नाही. आणि सिलिकोनचा अंश राहिला तर त्यावर दुसरे काही धडपणे चिकटतही नाही. ते खरवडण्यातच एक रविवार गेला.

पट्टी काढली. आतले प्लायवुड कापले. पटाशीने कुजके लाकूड काढले. ते हाताने निघत होते. धड लाकूड लागेपर्यंत काढीत जायचे, हा ह्यांचा नियम. कोपऱ्यात हातभर भगदाड पडले. मुलाचा चेहरा पाहवेना.

खरा खटका उडाला तो तिसऱ्या शनिवारी. नवे लाकूड तयार होते, तिरके सांधे कापून झाले होते. मुलाला ते त्याच दिवशी बसवून मोकळे व्हायचे होते. हे म्हणाले, "अजून दोन आठवडे वाळू दे."

"बाबा, वरचेवर पाऊस आहे. ताडपत्री किती दिवस ठेवायची? शेजारी काय म्हणतील!"

"ओल आत असताना बंद केलंस, तर बाहेरून कोरडं दिसेल आणि आतून पुन्हा कुजेल. मी चौतीस वर्षं हेच केलंय."

"तुम्ही चौतीस वर्षं काय केलंत, ते मला पाठ आहे, बाबा," मुलगा एकदम म्हणाला. "मी बारा वर्षं काय करतोय, ते तुम्ही एकदा तरी विचारलंत?"

मी स्वयंपाकघराच्या खिडकीत चहाचे दोन कप घेऊन उभी होते. पुढे जावे की मागे फिरावे, कळेना.

हे बराच वेळ पटाशीची धार अंगठ्यावर पाहत राहिले. मग म्हणाले, "विचारून मला कळलं नसतं."

"मी सांगितलं असतं."

"मग सांग."

दोघे गाडीच्या पायरीवर बसले. मुलगा सांगू लागला. इस्पितळातल्या रोग्यांच्या तपासण्यांच्या वेळा जुळवणारी काहीशी प्रणाली तो बांधतो. एका ठिकाणी चूक झाली तर शंभर माणसांचे हाल होतात. हे ऐकत होते. मधेच त्यांनी एकच प्रश्न विचारला. "तुमच्यात पास कोण करतं? आमच्याकडे इन्स्पेक्टरची सही झाल्याखेरीज बस फाटकाबाहेर जात नसे." मुलगा म्हणाला, "आमच्यातही असतो तसा माणूस. आता ते काम माझ्याकडेच आहे." "अस्सं?" हे म्हणाले, आणि त्या 'अस्सं'नंतर आणखी अर्धा तास दोघे तिथे बसले होते. चहा निवला. मी दुसरा ठेवला.

गाडी दोन आठवडे वाळली.

मग नवे लाकूड बसले, थर्मोकोल बसला, प्लाय बसले. पट्टीखाली मऊ ब्यूटाइलची पट्टी, वर गंज न चढणारे स्क्रू, आणि ते आवळल्यावर बाहेर आलेली जादा लांबी प्लास्टिकच्या तुकड्याने काढायची. "एका दमात आवळायची नाही," हे नातवाला शिकवीत होते. "आज थोडं, उद्या थोडं. लांबीला बसायला वेळ लागतो." सामानाला एकंदर एकशे चाळीस पौंड लागले. मी मोठ्या हौसेने आतून नवा कागद लावला. नक्षी जुन्याशी जुळत नाही, पण त्या कोपऱ्याला आता 'आजीचा कोपरा' म्हणतात.

ऑगस्टच्या अखेरच्या सोमवारी पुन्हा सुट्टी आली आणि आम्ही पुन्हा त्याच कुरणात गेलो. मुद्दाम. आणि पाऊसही मुद्दाम आल्यासारखा आला! रात्रभर ताशा वाजत होता. मी जागी होते. अंधारात पाहिले, तर हेही जागे, मुलगाही जागा. दोघेही कोपऱ्याच्या भिंतीला हात लावून उभे. एकाचा हात वर, एकाचा खाली.

"कोरडं आहे," मुलगा हळूच म्हणाला.

"हं," हे म्हणाले. हा 'हं' निराळा होता.

तेवढ्यात माडीवरून नात ओरडली, "बाबा! माझ्या नाकावर पाणी!"

छताच्या झरोक्याच्या कडेने टपकत होते. मुलाने कपाळाला हात लावला. मी पातेले शोधू लागले. आणि आमचे हे? ह्यांनी विजेरी घेतली, वर चढले, झरोक्याभोवतीची लांबी नखाने उकरून पाहिली आणि खाली उतरले ते प्रसन्न चेहऱ्याने. गळती पाहून इतका आनंद झालेला माणूस मी तरी पाहिला नव्हता.

पाणी पातेल्यात पडत राहिले आणि आम्ही पहाटेपर्यंत चहा प्यालो. किटली लावली, तेव्हा हीटर बंद करायला कोणी विसरले नाही.

ऑक्टोबरात परतायची वेळ आली. निघण्याच्या आदल्या दिवशी बापलेकांनी गाडीला हिवाळ्यासाठी निजवले. टाकी रिकामी केली, नळ उघडे ठेवले, नळ्यांतले पाणी फुंकून काढले. पाण्याचा बर्फ झाला की ते सुमारे नऊ टक्क्यांनी फुगते आणि नळ्या फोडते. म्हणून एक थेंबही ठेवायचा नाही. गाद्या भिंतीपासून दूर उभ्या करून ठेवल्या, शीतकपाटाच्या दारात फडके अडकवले. खालची भोके मात्र उघडी आहेत ना, हे मी स्वतः पाहिले.

"झरोक्याचं काय करायचं, बाबा?" मुलाने विचारले.

"आता थंडीत लांबी नीट चिकटणार नाही. तात्पुरती ताडपत्री बांध," हे म्हणाले. मग गाडीला एक टिचकी मारली, कान देऊन ऐकले, आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, "पुढच्या मेची तिकिटं आत्ता काढली तर स्वस्त पडतात का, बघून ठेव."